सोनोग्राफीचा अभ्यासक्रम, सरकारी कर्ज आणि शुक्रवारची मुदत : सही करण्यापूर्वी

आपला प्रश्न मी असा समजले आहे. आपल्या धाकट्या बहिणीचे बी.कॉम. पुण्यात झाले आहे, ग्रीन कार्ड मिळून ती आता कॅलिफोर्नियात राहते आणि तिला सोनोग्राफी शिकायची आहे. कॉलेजांची तुलना करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तिने फोन नंबर दिला आणि तेव्हापासून एका खाजगी कॉलेजच्या प्रवेश सल्लागार बाई तिला रोज फोन करतात. कॉलेज मान्यताप्राप्त आहे, कर्ज सरकारी आहे, करारावर शुक्रवारपर्यंत सही हवी आणि अर्जात भारतातील पदवीचा उल्लेख केला नाही तर अनुदानही मिळेल, असे त्यांनी सांगितले आहे. माझे उत्तर असे की या शुक्रवारी तिने सही करू नये. आणि पदवी लपवण्याची सूचना ज्या कॉलेजकडून आली, तिथे पुढेही कधी करू नये. मी कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे कमी शुल्काच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या सरकारी कॉलेजच्या) आर्थिक साहाय्य विभागात बरीच वर्षे काम करते आहे आणि अशा करारांचे परिणाम भोगणारी माणसे आमच्याकडे नव्याने सुरुवात करण्यासाठी येतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पदवीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. ‘पेल ग्रँट’ हे परत न करावे लागणारे केंद्र सरकारचे अनुदान मुख्यतः ज्यांनी अद्याप पदवी घेतलेली नाही अशांसाठी आहे, आणि परदेशातील पदवी अमेरिकेत समकक्ष मानली जात नसली तरी या कामापुरती ती सामान्यतः पदवीच धरली जाते. आपले बी.कॉम. तीनच वर्षांचे असते म्हणून ते मोजत नाहीत, असे परस्पर ठरवून मोकळे होऊ नये; कागदपत्रे दाखवून आर्थिक साहाय्य विभागाकडूनच निर्णय घ्यावा. सल्लागार बाईंना हा नियम ठाऊक नसता तर त्यांनी पदवी लपवायला सांगितलेच नसते. ‘फॅफ्सा’ या आर्थिक साहाय्यासाठीच्या सरकारी अर्जावर सही बहिणीची असणार आहे, हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास अशी तरतूद त्यात आहे, आणि जिला पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा आहे तिच्या बाबतीत सरकारला खोटे सांगितल्याची नोंद दंडापेक्षाही महाग पडू शकते. हा प्रकार नवा नाही. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखा-तपासणी कार्यालयाने नफ्यासाठी चालणाऱ्या १५ कॉलेजांत खोटे अर्जदार पाठवले, तेव्हा चार ठिकाणी त्यांना सरकारी अर्जात खोटी माहिती भरायला सांगण्यात आले (एका अर्जदाराला तर २,५०,००० डॉलरची बचत लपवायला), आणि दिशाभूल करणारी किंवा शंकास्पद विधाने सर्व १५ ठिकाणी ऐकायला मिळाली.

हे आपल्या माणसांच्या पटकन लक्षात येत नाही, याचे एक कारण मला दिसते. भारतात कॉलेज चालवणारी संस्था निदान कागदोपत्री तरी ट्रस्ट किंवा सोसायटी असते, आणि आपला अनुभव कट-ऑफ चुकण्याचा, जागा न मिळण्याचा, डोनेशन मागितले जाण्याचा असतो. त्यामुळे कॉलेजच आपल्या मागे लागले आहे हे पाहून संशय येण्याऐवजी कृतज्ञता वाटते. इथे कॉलेज ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असू शकते. विद्यार्थ्याच्या नावावर निघालेले सरकारी कर्ज कॉलेजच्या खात्यात जमा होते आणि फेडण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर राहते. कायद्याने अशा कॉलेजला आपल्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग केंद्र सरकारच्या साहाय्यातून मिळवता येतो. शिवाय सत्राचा ६० टक्के काळ उलटला की त्या सत्राचे साहाय्य पूर्ण ‘कमावलेले’ मानले जाते. त्यानंतर विद्यार्थी सोडून गेला तरी कॉलेजला त्यातले काही सरकारला परत करावे लागत नाही. म्हणजे कॉलेजचा पैसा प्रवेशावर आणि पहिल्या काही महिन्यांच्या हजेरीवर ठरतो, शिक्षण पूर्ण होण्यावर नव्हे.

सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने जुलै २०१२ मध्ये अशा ३० कंपन्यांवर अहवाल दिला. त्यातील आकडे मी नवीन सहकाऱ्यांना नेहमी दाखवते. २००९ च्या आर्थिक वर्षात या कंपन्यांनी उत्पन्नाचे २२.७ टक्के जाहिरात आणि विद्यार्थी मिळवण्यावर खर्च केले, १९.४ टक्के नफा म्हणून काढले आणि शिकवण्यावर १७.२ टक्के खर्च केले. २०१० मध्ये त्यांच्याकडे विद्यार्थी मिळवणारे कर्मचारी ३५,२०२ होते, तर विद्यार्थ्यांना नोकरी शोधायला मदत करणारे ३,५१२. त्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सरासरी १९,८०६ डॉलरचे होते, तर तुलनेच्या कम्युनिटी कॉलेजांत ते ४,२४९ डॉलरमध्ये होत होते. २००८-०९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी २०१० च्या मध्यापर्यंत काहीही पदरात न पडता बाहेर पडले होते, आणि त्यांचे कर्ज त्यांच्या नावावर तसेच राहिले.

फोनवरच्या आपुलकीबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण आपली बहीण तिथेच अडकली आहे. याच समितीपुढे आयटीटी या कॉलेजसाखळीची प्रशिक्षणाची कागदपत्रे आली, ज्यांत ‘पेन फनेल’ नावाची प्रश्नांची उतरंड होती: आधी सहज वाटणारे प्रश्न, मग हळूहळू अधिक खोल जाणारे, जोवर समोरची व्यक्ती आपले अपयश, अपराधीपण आणि कुटुंबापुढची लाज स्वतःच्या तोंडाने बोलत नाही तोवर. मग त्यावरचा उपाय म्हणून प्रवेश पुढे करायचा. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तत्कालीन ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी कोरिंथियन कॉलेजेस या कंपनीवर दावा दाखल केला, तेव्हा कंपनीच्याच अंतर्गत कागदांत आपले अपेक्षित गिऱ्हाईक कसे वर्णिले आहे ते बाहेर आले: एकाकी, उतावीळ, स्वतःविषयी हीन मत असलेले, आणि ज्यांची काळजी करणारे फारसे कोणी नाही असे लोक. लग्न होऊन इथे आलेली, चार-पाच वर्षे घरात गेलेली, पदवी असूनही तिचा उपयोग नाही असे रोज जाणवणारी आपल्याकडची मुलगी या वर्णनाच्या किती जवळ येते, हे मला वेगळे सांगायला नको. त्या बाई ‘घरी कोणावर अवलंबून राहावे लागते तेव्हा कसे वाटते’ असे विचारत असतील, तर तो मैत्रीतून आलेला प्रश्न समजू नये. प्रवेशांच्या संख्येवर कमिशन देण्यास १९९२ पासून बंदी आहे, पण २००२ मध्ये नियमांत पळवाटा ठेवल्या गेल्या आणि त्या २०११ मध्ये काढल्या गेल्या. कमिशन नसले तरी वरिष्ठांचा दबाव असतोच.

तुलनेची बहुतेक संकेतस्थळे फोन नंबर कॉलेजांना विकून चालतात. क्विनस्ट्रीट ही कंपनी माजी सैनिकांच्या शिक्षण-योजनेच्या नावाचे संकेतस्थळ चालवून, ते सरकारी असल्याचा भास निर्माण करून, त्यांना नफ्याच्या कॉलेजांकडे वळवत होती. २०१२ मध्ये २० राज्यांनी तिला २५ लाख डॉलर भरायला आणि ते नाव सरकारकडे सुपूर्द करायला लावले.

आता ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाकडे येऊ. संस्थेची मान्यता एक आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता दुसरी. इलिनॉयमधील वेस्टवुड कॉलेजने पोलीस दलात जाऊ इच्छिणाऱ्यांना गुन्हेगारी न्यायशास्त्राची पदवी विकली. कॉलेजला मान्यता होती, पण ती ज्या प्रकारची होती तिच्यामुळे शिकागो पोलीस आणि राज्य पोलीस ती पदवी धरत नव्हते, असा आरोप त्या राज्याने केला. सोनोग्राफीत नोकरी देणारी रुग्णालये बहुधा ‘एआरडीएमएस’ची (सोनोग्राफी तंत्रज्ञांची परीक्षा घेऊन नोंदणी करणाऱ्या संस्थेची) नोंदणी मागतात, आणि तिच्या परीक्षेला बसण्याचा सरळ मार्ग ‘काहेप’ने (आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) मान्य केलेल्या अभ्यासक्रमातून जातो. म्हणून बहिणीने ‘मान्यता आहे का’ असे विचारू नये. ‘हा अभ्यासक्रम, कॉलेजच्या याच शाखेतला, काहेपच्या यादीत आहे का’ असे लेखी विचारावे आणि ती यादी स्वतः पाहावी. अभ्यासक्रम यादीत नसेल तर पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

नोकरीच्या टक्केवारीवर तर मुळीच विसंबू नये. एप्रिल २०१५ मध्ये शिक्षण खात्याने कोरिंथियनच्या हील्ड कॉलेजला नोकऱ्यांचे आकडे फुगवल्याबद्दल सुमारे ३ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या दाव्यानुसार तर या कंपनीकडे एक दिवस टिकलेली नोकरीही मोजली जात होती. सरकारी कर्ज कमी पडेल तिथे ही कंपनी ‘जेनेसिस’ नावाचे स्वतःच्या योजनेचे कर्ज सुमारे १५ टक्के व्याजाने घ्यायला लावत असे, म्हणून करारातील कर्जाचा प्रत्येक भाग सरकारी आहे की नाही हेही पाहावे. एप्रिल २०१५ मध्येच कंपनी बंद पडली आणि सुमारे १६,००० विद्यार्थी रस्त्यावर आले. जून २०२२ मध्ये सरकारने ५,६०,००० कर्जदारांचे ५८० कोटी डॉलर माफ केले, हे खरे आहे. पण मधल्या सात वर्षांत कित्येकांची पत गेली, आणि त्या धसक्याने ज्यांनी शिक्षण कायमचे सोडले त्यांची मोजदाद कोणत्याही निवाड्यात नाही.

बहिणीने आता काय करावे? कॅलिफोर्नियात बहुतेक खाजगी व्यावसायिक कॉलेजांना करारावर सही घेण्यापूर्वी ‘स्कूल परफॉर्मन्स फॅक्ट शीट’ द्यावेच लागते, ज्यात किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती जणांना नोकरी लागली आणि पगार किती मिळाला हे असते. तो कागद मागावा आणि सल्लागार बाई समोर नसताना वाचावा. शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वरही त्याच कॉलेजचे कर्ज आणि उत्पन्नाचे आकडे मिळतात. याच्या जोडीला कम्युनिटी कॉलेजमधील समुपदेशकाची भेट घ्यावी. राज्यातील रहिवाशांसाठी तिथले शुल्क एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर आहे, आणि फूटहिल, ऑरेंज कोस्ट यांसारख्या कॉलेजांत सोनोग्राफीचा अभ्यासक्रम आहे. तिथे शरीररचना, शरीरक्रिया, भौतिकशास्त्र असे विषय आधी पूर्ण करावे लागतात, जागा थोड्या असतात आणि वाट पाहावी लागते, हे मी लपवणार नाही. नेमक्या याच प्रतीक्षेवर खाजगी कॉलेजचा फोन बोट ठेवतो: ‘आमच्याकडे पुढच्या सोमवारी वर्ग सुरू.’ पण ते पूर्वतयारीचे विषय ती लगेच सुरू करू शकते, म्हणजे प्रतीक्षेचा काळ वाया जात नाही.

तिने ऑनलाइन सही आधीच केली असेल तरी घाबरू नये. कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली येणाऱ्या कॉलेजांत पहिल्या वर्गाच्या दिवसापर्यंत किंवा करारानंतरच्या सातव्या दिवसापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, करार लेखी रद्द करता येतो. फोनवर सांगून भागत नाही. करारात दिलेल्या पत्त्यावर पत्र आणि ईमेल दोन्ही पाठवावे, तारखेसह प्रत ठेवावी, आणि फॅफ्साचा पासवर्ड त्या बाईंना दिला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा. अर्जात पदवीचा उल्लेख वगळला गेला असेल तर तीही दुरुस्ती तेव्हाच करून टाकावी, कारण दुरुस्तीची सोय अर्जातच आहे. अडचण आली तर राज्याच्या खाजगी शिक्षणसंस्थांवर देखरेख करणाऱ्या ‘ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन’कडे तक्रार करता येते. रद्द करण्याच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर इथेच कळवावे, मी लिहून देईन.