जागा मिळतेय म्हणून

मिरज

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. देवळामागच्या एका खोलीत गाणं नि चित्रकला शिकणारी चाळीस मुलं, एक पेटी, एक तबलाजोडी, आणि आता कुणीतरी तीन मजले बांधून द्यायला तयार झालंय. 'बाई, हो म्हणू की नको?' एवढंच विचारलंयस. हो म्हण, पण आत्ता नको.

आपल्याच भागातली गोष्ट आहे. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर इथं मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, जलशांच्या तिकिटांवर आणि लोकांच्या मदतीवर. 1908 मध्ये मुंबईला शाखा झाली. पुढं कर्ज काढून इमारत बांधली. पलुस्करबुवा गावोगाव गाऊन कर्ज फेडत राहिले, तरी 1924 मध्ये इमारतीचा लिलाव झालाच. मग राहिलं काय? त्यांचा उपदेशक वर्ग. पोरांना स्वतःजवळ ठेवून गाणं तर शिकवायचंच, शिवाय ते दुसऱ्याला शिकवायचं कसं तेही शिकवायचं. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे पुढं नावाजलेले गवई, ही सगळी त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. 1931 मध्ये बुवा गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. तुझ्या मुली गाण्याच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना बसतात ना, त्या परीक्षा या मंडळाच्याच.

हे मला उशिरा कळलं. माझा चित्रकलेचा वर्ग जोरात चालला होता तेव्हा एका दात्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉल दिला. मी हुरळले. उद्घाटन झालं, फोटो निघाले. शिकवायला मात्र मी एकटीच. इकडून सायकल मारत तिकडे जायची, तोवर तिकडची पोरं मारामारी करून घरी गेलेली असायची. दोन वर्षांत तिथं मांडववाल्याच्या खुर्च्या रचल्या गेल्या. दात्याचा दोष नव्हता, त्यानं जागा देतो म्हटलं होतं आणि दिलीही. मीच माणसं तयार केली नव्हती.

म्हणून आधी तुझ्याकडची सोळा-सतराची चार पोरं निवड. सगळ्यांत हुशार तीच निवडायची असं नाही. लहान पोराचा ब्रश चुकला की स्वतःच्या हातानं चित्र पूर्ण करून देत नाही, असं पोरगं बघ. त्यांच्याकडे शनिवारचा बालवर्ग दे. तू मागं बस आणि तोंड बंद ठेव, हे तुला जड जाईल. आणि फुकट राबवू नकोस. पाचशे का होईना, मानधन दे, सही घे. त्या वयात घरातून 'कापडाच्या मागावर कामाला जा, चार पैसे आण' असा तगादा सुरू होतो. त्याला उत्तर म्हणून पाकीट लागतं, 'कलेची सेवा' चालत नाही.

मागावरून आठवलं. पाहुणे येऊन भाषणात सांगतात की मागाच्या खटखटीवर तुमच्या मुलांना आपोआप ताल येतो. टाळ्या पडतात. खरं तर त्या आवाजानं पोरांच्या बापांचे कान गेलेत, घरात सगळे ओरडून बोलतात. तुझ्याकडे मुलांना पहिल्यांदा हळू आवाजात बोलता येतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आईबाप गुणांसाठी पोरं पाठवतात म्हणून चिडू नकोस. चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाली की दहावीत 7 जादा गुण मिळतात, म्हणून आलेली कितीतरी पोरं वस्तुचित्र नि स्मरणचित्र संपल्यावरही माझ्याकडे टिकली. पोरी मात्र नववीत गळतात. त्यांचा वर्ग दिवेलागणीच्या आत सोड, आणि दोन आयांना वर्गातच बसव. खोलीचं दार उघडं ठेवायचं, आणि एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर कधीही नाही. हा नियम पाहुण्या कलाकारालाही लागू, तो कितीही नावाजलेला असो.

कागदांचं थोडक्यात. धर्मादाय नोंदणी तुझी झालीय. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हे विसरून भलेभले अडकलेत. कंपनीकडून पैसे घ्यायचे तर प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या (12ए, 80जी म्हणून ओळखतात त्या) आणि कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी आधी करून घे. कंपनीवाले 'लाभार्थी किती?' विचारतील. आकडा दे, पण वर्गात तो शब्द आणू नकोस. आणि इमारत देणाऱ्याला सरळ विचार, वीजबिल नि झाडलोट पाच वर्षं कोण बघणार? तिथं बरेच जण गप्प होतात.

मागच्या महिन्यात तू तो जुना तंबोरा घेऊन एका पोराला पाठवलंस. भोपळ्याला चीर गेली होती. मी त्याला सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. कारागीर दुसऱ्याच एका तंबोऱ्याची जवारी काढत होता, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करत होता. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा कानस. तारेखाली दोरा सरकवला आणि आवाज एकदम भरून आला, तसा पोरगा म्हणाला, "परत एकदा करा की." कारागिरानं दोरा काढला नि पुन्हा घातला. दोन तास गेले. परतीची एसटी चुकली, ती माझ्यामुळं नाही.

तंबोरा पुढच्या गुरुवारी तयार होईल. न्यायला त्यालाच पाठव. बरोबर डबा दे, तो लवकर उठायचा नाही.

तुझी,
बाई