उबंटूवर बॉइंक बसवले, पण मॅनेजर क्लायंटला जोडला जात नाही. काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : घरी उबंटू ही लिनक्स प्रणाली असलेला, चार कोअरचा (म्हणजे प्रोसेसरमध्ये गणित करणारे चार भाग असलेला) जुना डेस्कटॉप दिवसातला बराच वेळ नुसता चालू असतो, तो विज्ञानाच्या कामी यावा म्हणून तुम्ही बॉइंक (रिकाम्या संगणकाकडून वैज्ञानिक प्रकल्पांचे गणित करून घेणारा प्रोग्रॅम) बसवले, परंतु मॅनेजर उघडताच क्लायंटशी संपर्क होत नसल्याचा संदेश येतो. शिवाय अशा कामामुळे संगणक खराब होईल का आणि विजेचे बिल किती वाढेल, हेही तुम्ही विचारले आहे. गेली काही वर्षे माझ्या घरच्या दोन लिनक्स संगणकांवर हे काम सुरू आहे आणि तुम्ही जिथे अडला आहात तिथेच मीही अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातूनच निघतात. बॉइंक दिसायला एक प्रोग्रॅम असला तरी लिनक्सवर तो दोन तुकड्यांत बसतो. प्रत्यक्ष गणित करणारा क्लायंट पडद्यामागे सेवा म्हणून चालतो आणि तो तुमच्या नावाने नव्हे, तर ‘बॉइंक’ याच नावाच्या वेगळ्या यूजरच्या नावाने चालतो. तुम्हाला दिसणारी खिडकी म्हणजे मॅनेजर, आणि तो मात्र तुमच्या नावाने चालतो. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ही दोन निराळी माणसे आहेत, आणि एकाने दुसऱ्याला हुकूम द्यायचा तर ओळख पटवावी लागते. ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. परक्या संस्थेकडून आलेला प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालणार असेल, तर त्याला आपल्या घरगुती फोटोंपर्यंत आणि बँकेच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचता येऊ नये, हे योग्यच आहे.

आता बसवण्याविषयी. इथे कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात. उबंटू, डेबियन किंवा मिंटवर प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (‘सुडो’ म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) आणि नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बॉइंक-क्लायंट बॉइंक-मॅनेजर’ एवढे पुरते. पॅकेज उबंटूच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावे. कुठल्याशा संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती चालवण्याची काहीच गरज नाही. पॅकेज बसताच सेवा आपोआप सुरू होते, आणि ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस बॉइंक-क्लायंट’ असे विचारले की उत्तरात ‘ॲक्टिव्ह (रनिंग)’ असे हिरव्या अक्षरांत दिसते. फेडोरावर पॅकेजांची नावे हीच आहेत, मात्र ती ‘डीएनएफ’ने बसवावी लागतात आणि सेवा स्वतः सुरू करावी लागते.

तुमच्याकडे ही हिरवी अक्षरे दिसत असतील, तर क्लायंट ठणठणीत आहे आणि अडचण फक्त ओळख पटण्याची आहे. क्लायंटच्या फोल्डरमध्ये ‘जीयूआय आरपीसी ऑथ’ नावाची छोटी फाइल असते आणि तिच्यात एका ओळीचा पासवर्ड असतो. मॅनेजरने तो वाचून क्लायंटला दाखवायचा असतो, पण ती फाइल वाचण्याची परवानगी ‘बॉइंक’ ग्रुपच्या सदस्यांनाच असते आणि तुम्ही अजून त्या ग्रुपमध्ये नाही. तेव्हा स्वतःला त्या ग्रुपमध्ये घालावे. कमांड अशी : ‘सुडो यूजरमॉड’, पुढे वजाचिन्हाला जोडून छोटा ए आणि मोठा जी, मग ग्रुपचे नाव ‘बॉइंक’ आणि शेवटी तुमचे यूजरनेम. यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणे आवश्यक आहे, कारण कोणता यूजर कोणत्या ग्रुपमध्ये आहे हे लॉगिनच्या वेळीच ठरते. नुसती खिडकी बंद करून उघडल्याने काही बदलत नाही. एवढे करूनही मॅनेजर अडून बसला, तर टर्मिनलमध्ये ‘व्हार’च्या आतील ‘लिब’ आणि त्याच्या आतील ‘बॉइंक-क्लायंट’ या फोल्डरमध्ये जावे आणि तिथूनच ‘बॉइंकएमजीआर’ ही कमांड द्यावी. मग मॅनेजरला ती फाइल समोरच सापडते.

त्या कमांडमधला छोटा ए विसरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या ए चा अर्थ ‘आधीच्या ग्रुपांमध्ये भर घाल’ असा आहे. तो गाळला तर संगणक तुम्हाला फक्त नव्या ग्रुपमध्ये ठेवतो आणि ‘सुडो’सकट आधीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून काढून टाकतो. पहिल्या वेळी मी तो गाळला होता. रात्री दहाच्या सुमारास पुन्हा लॉगिन केले, मॅनेजर लगेच जोडला गेला, मला आनंद झाला, आणि मग पुढची ‘सुडो’ कमांड दिली तेव्हा माझ्याच संगणकाने मला परवानगी नाकारली. शेवटी यंत्र पुन्हा सुरू करून, सुरुवातीला येणाऱ्या ग्रबच्या यादीतील रिकव्हरी मोडमध्ये जाऊन, डिस्क लिहिण्यायोग्य करून स्वतःला ‘सुडो’ ग्रुपमध्ये परत घालावे लागले. हे सर्व एका अक्षरापायी झाले.

मॅनेजर जोडला गेला की प्रकल्प निवडायचा. बॉइंक हे केवळ वाहन आहे. ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने तयार झाले आणि काम देणारे प्रकल्प निरनिराळ्या विद्यापीठांचे व संस्थांचे असतात. नेटवरच्या अनेक जुन्या मार्गदर्शिकांमध्ये सेटी ॲट होमला जोडण्यास सांगितलेले आढळते. १९९९ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पानेच ही कल्पना घरोघर नेली हे खरे, पण मार्च २०२० च्या अखेरीस त्याने नवे काम देणे थांबवले, तेव्हा त्या वाटेने जाऊ नये. प्रथिनांच्या रचनेवर काम करणारा वॉशिंग्टन विद्यापीठाचा रोझेटा ॲट होम आहे. त्यामागील प्रयोगशाळेचे डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. हवामानाच्या प्रतिमानांसाठी ऑक्सफर्डमधून सुरू झालेला क्लायमेटप्रेडिक्शन आहे, तर कणभौतिकीसाठी सर्नचा एलएचसी ॲट होम.

मी स्वतः २००५ साली सुरू झालेला आइनस्टाइन ॲट होम निवडला आणि नवख्या माणसालाही तोच सुचवतो. त्याची लिनक्सवरील घडी चांगली बसलेली आहे. लायगो वेधशाळांच्या नोंदींमध्ये, वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून अखंड येत असतील अशा गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा) शोध तो घेतो, आणि रेडिओ दुर्बिणींच्या व फर्मी उपग्रहाच्या नोंदींमध्ये पल्सार, म्हणजे नियमित स्पंदने पाठवणारे फिरते तारे, शोधतो. २०१० साली त्याने आपला पहिला नवा रेडिओ पल्सार जाहीर केला. अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींत सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या घेणारा तो तारा दडलेला होता आणि तो ज्या संगणकांच्या गणितातून निघाला, ते अमेरिकेतील आयोवा राज्यात आणि जर्मनीतील माइन्झ शहरात सामान्य माणसांकडे चालू होते. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. अशा वेधशाळांच्या जागतिक जाळ्यातील नोंदींचे गणित आपल्या घरातील टेबलाखाली चालू असते, याचे मला मनापासून अप्रूप आहे.

प्रकल्प जोडण्यासाठी मॅनेजरच्या ‘टूल्स’ यादीतील ‘ॲड प्रोजेक्ट’ निवडावे, प्रकल्पावर क्लिक करून ईमेल आणि नवा पासवर्ड द्यावा. हा पासवर्ड तुमच्या ईमेलचा किंवा बँकेचा नसावा. नंतर ‘इव्हेंट लॉग’ उघडून ठेवावा. त्यात फाइली उतरल्याच्या ओळी येतात, मग काम सुरू झाल्याची ओळ येते, आणि थोड्याच वेळात डब्याचा पंखा आवाज बदलतो.

इथून तुमच्या दुसऱ्या काळजीकडे येतो. बॉइंकमुळे संगणक खराब होत नाही. उष्णता आणि धूळ यांमुळे होतो, आणि बॉइंक त्या दोन्ही लपून राहू देत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डबा उघडून प्रोसेसरवरील पंख्याच्या खालची जाळी ब्रशने साफ करावी. ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज बसवून ‘सेन्सर्स’ कमांड दिली की प्रत्येक कोअरचे तापमान दिसते. माझ्या जुन्या यंत्रात चारही कोअर जुंपल्यावर आकडा दहा मिनिटांत ९१ अंशांवर गेला होता. धूळ काढून दोनच कोअर कामाला लावल्यावर तो ६६ च्या आसपास स्थिरावला आणि एप्रिलच्या दुपारीही ७३ च्या वर गेला नाही.

कोअर कमी करण्यासाठी ‘ऑप्शन्स’मधील ‘कम्प्युटिंग प्रेफरन्सेस’ उघडावे आणि प्रोसेसरांचा वापर ५० टक्के करावा. तुमच्या चारांपैकी दोन कोअर तुमच्यासाठी मोकळे राहतील. त्याखालीच प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरावा असाही एक आकडा असतो. तो मी १०० वरच ठेवतो, कारण तो कमी केला तर क्लायंट काम सतत थांबवतो आणि पुन्हा सुरू करतो, तापमान वरखाली होत राहते आणि पंख्याचा आवाजही तसाच हेलकावे खातो. कोअर कमी करणे अधिक चांगले. तुम्ही यंत्रावर काम करत असताना बॉइंकने थांबावे अशी सोय आहे, परंतु लिनक्सवर ती नेहमी विश्वासार्ह नसते. कारण पुन्हा तेच : क्लायंट वेगळा यूजर आहे आणि तुमचा माउस हलतो आहे की नाही हे त्याला, विशेषतः वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, नीट कळत नाही. त्यापेक्षा इतर प्रोग्रॅमांचा वापर २५ टक्क्यांवर गेला की थांबावे, ही अट जास्त उपयोगी पडते. आणखी एक : मॅनेजरमधून आकडे एकदा बदलले की प्रकल्पाच्या संकेतस्थळावर भरलेले आकडे त्या यंत्रापुरते लागू होत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे बदल करून गोंधळ वाढवू नका.

विजेचा हिशेब मी प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरने केला. माझा डेस्कटॉप स्वस्थ असताना ३८ वॉट घेतो आणि दोन कोअर जुंपल्यावर ६३ वॉट, म्हणजे जादा खर्च २५ वॉटांचा. एरवीही चालू असणाऱ्या दहा तासांत हे काम केले तर रोज पाव युनिट आणि महिन्याला साडेसात युनिटे होतात. पण केवळ या कामासाठी यंत्र रात्री आठ तास चालू ठेवले, तर पूर्ण ६३ वॉट मोजावे लागतात आणि महिन्याला आणखी सुमारे १५ युनिटे वाढतात. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग असल्यामुळे तुमचा वापर त्या सीमेजवळ असेल, तर रात्रीचे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याचाही विचार करावा लागेल. बॅटरीवर असताना थांबण्याची अट बॉइंकमध्ये असते, परंतु ती लॅपटॉपच्या बॅटरीपुरती असते. घरच्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या डेस्कटॉपला वीज गेल्याचे कळतच नाही, आणि तो निवांतपणे गणित करत पंख्या-दिव्यांसाठी राखलेली बॅटरी संपवतो. म्हणून वीज जाताच मॅनेजरमधून काम थांबवावे, किंवा ‘बॉइंकसीएमडी’ या कमांडला ‘सेट रन मोड’ हा पर्याय आणि पुढे ‘नेव्हर ३६००’ असे देऊन तासभराची विश्रांती द्यावी. तास संपला की ते आपोआप कामाला लागते. यंत्र अचानक बंद पडले तरी सहसा फारसे नुकसान होत नाही, कारण झालेले काम अधूनमधून डिस्कवर नोंदले जाते आणि शेवटच्या नोंदीपासून ते पुढे सुरू होते.

ग्राफिक्स कार्ड असेल तर ‘बॉइंक-क्लायंट-ओपनसीएल’ हे पॅकेज आणि कार्डाचा ड्रायव्हर लागतो. तरीही लॉगमध्ये ‘नो यूजेबल जीपीयूज फाउंड’ असे आले, तर ‘बॉइंक’ हा यूजर ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या ग्रुपांमध्ये आहे का ते पाहावे. जुन्या डेस्कटॉपवर मात्र सुरुवातीला या फंदात पडू नये. कॉलेजच्या किंवा कचेरीच्या यंत्रांवर लेखी परवानगीशिवाय बॉइंक मुळीच बसवू नये. वीज आणि यंत्र दुसऱ्याचे असते.

पहिले काम परत गेल्यावर तुमच्या खात्यात त्यापुढे ‘पेंडिंग’ दिसेल, त्याने गोंधळू नका. तेच काम दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकालाही दिलेले असते आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच ते ग्राह्य धरले जाते. मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, त्यामुळे कधी कधी थांबावे लागते. म्हणूनच पुढे कधी बॉइंक काढून टाकायचे ठरवलेत, तर सरळ पॅकेज उडवू नका. मॅनेजरमध्ये प्रकल्प निवडून ‘नो न्यू टास्क्स’ दाबा, हातातली कामे पूर्ण होऊन परत जाऊ द्या आणि मग ते काढा. नाहीतर पलीकडे कुणाचे तरी पूर्ण झालेले उत्तर तुमची मुदत संपेपर्यंत अडकून पडते.