एअरबोटीचं नाक पाण्यात घुसतंय

प्रश्न : दादा, मी खानापूर तालुक्यातला, आयटीआयला आहे. थर्माकोलची ६० बाय ३० सेंटीमीटरची रिमोटवाली एअरबोट, म्हणजे वर बसवलेल्या पंख्याच्या वाऱ्यावर चालणारी बोट बनवलीय. १००० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला १००० फेऱ्यांची) मोटर, १० इंची पंखा, तीन सेलची लिपो बॅटरी, सगळं मिळून १२०० ग्रॅम. गावच्या तळ्यात सोडली, पण थ्रॉटल (मोटरचा वेग) वाढवला की नाक पाण्यात घुसतं नि बोट थांबते. मोठी मोटर आणि मोठा पंखा घेऊ काय? पैसे कमीच आहेत.

उत्तर : नको रे, पैसे ठेव. बोट तरंगायला काहीच अडचण नाही, हिशोब बघ की, ६० गुणिले ३० म्हणजे एक सेंटीमीटर बुडाली तरी १८०० ग्रॅम पेलते, तुझी तर पाऊण सेंटीमीटरसुद्धा बुडत नसणार. घोळ आहे उंचीचा. पंखा पाण्याच्या वर वीतभर, तो वरनं पुढं रेटतो आणि खाली तळाला पाणी मागं धरतं, मग बोट नाकावर येणारच. मोठा पंखा म्हटलं की मोटर अजून वर जाणार, म्हणजे दुखणं वाढलं.

आधी नाक बघ. सपाट कापलंयस ना? तळाचा पुढचा १२ सेंटीमीटर भाग तिरका वर काप, सँडपेपर मार, वर पॅकिंगची टेप ताणून लाव, म्हणजे पाणी नाकाला उचलून धरेल. मग बॅटरी मागं सरकव, पण चिकटवू नको, वेल्क्रोवर ठेव. थ्रॉटल न देता बोट उभी असताना नाक किंचित वर दिसलं पाहिजे. मोटर पंख्याला जागा राहील इतकीच उंच ठेव, उगाच जास्त नको. रबर सोल्यूशन मात्र थर्माकोलला लावू नको, माझा अख्खा तळ त्यात विरघळला होता, दोन ट्यूबवालं इपॉक्सी वापर.

टेस्ट घरच्या हौदात कर, बोटीच्या मागं दोरी बांधून सामान तोलायचा काटा लाव, किती ग्रॅम ओढते ते कळतं. आणि पंखा काढून ठेवून रिमोट बंद करून बघ, मोटर थांबलीच पाहिजे, नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) सेट केल्याशिवाय तळ्यावर जाऊ नको. पंख्याभोवती तारेची जाळी हवीच, १० इंची पंखा हाताचं बोट कापतो.

सुकाणू पंख्याच्या वाऱ्यातच बसव, थ्रॉटल सोडलास की वळणं जवळजवळ संपतं, ब्रेक तर नाहीच, म्हणून काठापासनं लांबनंच वळव. पंखा पाण्याबाहेर असल्यानं जलपर्णी अडकत नाही, तुझ्या तळ्याला हीच बोट बरी. मलप्रभा नदीत पावसाळ्यात मात्र सोडू नको, धार तिला घेऊन जाईल नि तू मागनं उतरशील.