ॲरेलिस्ट घेऊ की लिंक्डलिस्ट?

तुझा मेसेज वाचला. डेअरीच्या प्रोजेक्टला जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं ॲरेलिस्ट (सगळं सलग ठेवणारी यादी) घेऊ की लिंक्डलिस्ट (एकाला एक जोडलेली यादी) म्हणून विचारूलास, आणि मधेच घालायचं-काढायचं असलं की लिंक्डलिस्टच, हे डोक्यात पक्कं करून बसलायस. अरे तसं नसतंय. ती मधली जागा गाठायलाच लिंक्डलिस्टला एकेक नोड, म्हणजे यादीतला एकेक कप्पा, धरत चालत जावं लागतंय, त्यात प्रत्येक नोड मेमरीत वेगळा पडलेला, वर पुढचा नि मागचा असे दोन रेफरन्स (पत्ते) सांभाळायचे. ॲरेलिस्टमधलं एक काढलं तर मागचे सगळे सरकवावे लागतात हे खरं, पण ते सलग असल्यामुळं काम पटकन उरकतंय. जागा संपली की साधारण दीडपट मोठा ॲरे (सलग जागा) घेऊन जुनं त्यात कॉपी होतंय, ते काय सारखं होत नाही. तेव्हा ॲरेलिस्टच घे. रांग पाहिजे असेल तर ॲरेडेक आहे की, जावा ६ पासून.

पण मला विचारशील तर तुझं काम लिस्टचं नाहीच. सकाळी दूध घालायला आलेला माणूस नुसता कोड सांगतो, ११२ म्हणतो, आणि तू त्याचं खातं हुडकायचं. लिस्टमध्ये दरवेळी पहिल्यापासून बघत बसणार काय? तिथं हॅशमॅप, कोड दिला की थेट खातं हातात. बिलं कोडच्या क्रमानं काढायची तर ट्रीमॅप, ज्या क्रमानं दूध आलं तसंच पाहिजे तर लिंक्डहॅशमॅप. मॅपची की (key, ज्यावरनं खातं हुडकायचं ते) म्हणून स्वतःचा क्लास वापरलास तर इक्वल्स (दोन की सारख्या का ते सांगणारी मेथड) आणि हॅशकोड (कीवरनं नंबर काढून देणारी मेथड) दोन्ही लिही, नाहीतर घातलेलं खातं परत हाताला लागायचं नाही.

आणि हे नीट ऐक. निपाणी-चिकोडीकडं सभासद नाव कोण मराठीत लिहून देतंय, कोण कन्नडमध्ये. नावाची स्ट्रिंग की करून ट्रीमॅप केलास तर तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेल्या, नंबरानं लावतो, त्यात देवनागरी आधी आणि कन्नड बरंच पुढं, म्हणजे मराठीतली सगळी नावं वर आणि कन्नडमधली सगळी खाली. अशी यादी गावच्या डेअरीत भिंतीला लागलेली मला बघवणार नाही. कोडनं लाव, नाहीतर कम्पॅरेटर (क्रम कसा लावायचा ते सांगणारा) स्वतः लिहून दे.

मेथडच्या पॅरामीटरला (तिला काय द्यायचं ते लिहितो तिथं) मात्र ॲरेलिस्ट लिहू नको, लिस्ट लिही, म्हणजे कुठलीही लिस्ट चालते, नुसतं फिरून बेरीज करायची असेल तर त्याहून ढोबळ कलेक्शन पुरे, म्हणजे मॅपमधली खाती पण थेट देता येतात. खात्याचा क्लास लिहून झाला की आधी तेवढाच पाठव.