कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठल्या कम्युनिटीचं?

प्रश्न : मी मूळची सांगलीची. मिस्टरांच्या एच-1बी व्हिसावर सात वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत आलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण टोकाला, डेली सिटीच्या हद्दीजवळ राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, येत्या ऑगस्टमध्ये त्याला अठरा पूर्ण होतील. मार्क बरे आहेत, चमकदार नाहीत. त्याला कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. खासगी विद्यापीठांच्या फिया बघून तो स्वतःच म्हणाला, ‘दोन वर्षं सिटी कॉलेजला जातो, मग यूसीला, म्हणजे सरकारी विद्यापीठाला, ट्रान्स्फर घेतो.’ माझ्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, ‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठल्या कम्युनिटीचं गं?’ मला उत्तर सुचलं नाही. हे खरंखुरं कॉलेज आहे का? पोराचं नुकसान तर होणार नाही? मी बी.कॉम. आहे, लग्नाआधी पतसंस्थेत नोकरी केली, पण इथं घरीच असते. त्यामुळे यातलं काही कळत नाही.

उत्तर : ताई, नमस्कार.

जाऊबाईंचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे कम्युनिटी म्हटलं की जात-जमात आठवते. इथं त्याचा अर्थ ‘गावचं’. गावाच्या पैशावर चालणारं आणि गावातल्या कुणालाही दार उघडं असलेलं. तुमचा मुलगा म्हणतोय ते सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को 1935 मध्ये निघालं तेव्हा त्याचं नाव होतं सॅन फ्रान्सिस्को ज्युनिअर कॉलेज. ते नाव टिकलं असतं तर सांगलीत बातमी गेली असती की पोरगा पुन्हा अकरावीला बसला!

कॅलिफोर्नियानं 1960 मध्ये उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी. आणि ज्याला शिकायचं आहे अशा प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज, तिथून पुढं वरच्या दोन्हींकडे जायची वाट ठेवून. तुमचा मुलगा जे म्हणतोय ती पळवाट नाही. ती वाट मुद्दाम बांधलेली आहे. जाऊबाईंना सांगायचं तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातात ना, तसंच. फक्त इथं थेट तिसऱ्या वर्षाला जातात. आणि पदवीवर नाव येतं ते शेवटच्या विद्यापीठाचं.

आता पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे विषयाचं वजन मोजायच्या मापाला, 46 डॉलर पडतात. ट्रान्स्फरला साधारण 60 युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून 2,760 डॉलर. शिवाय 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी 50 लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर वाढवला आणि त्या जोरावर 2017 पासून शहरवासीयांना या कॉलेजात ट्यूशन माफ झाली. ‘फ्री सिटी’ म्हणतात ती हीच. पुस्तकं, हेल्थ फी, येण्याजाण्याचा खर्च मात्र आपलाच.

यात तुमच्यासाठी एक मेख आहे. ‘डेली सिटीच्या हद्दीजवळ’ म्हणजे हद्दीच्या अलीकडे की पलीकडे? डेली सिटी वेगळ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येते. घर पलीकडे असेल तर फ्री सिटी विसरा. 46 डॉलरचा दर तरी राहतो, आणि मग सॅन ब्रूनोचं स्कायलाइन कॉलेजही बघून घ्या. दुसरं, एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या बायकामुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांना ‘आम्ही परदेशी, आम्हाला कितीतरी पट फी’ असं वाटतं. ते खरं विद्यार्थी व्हिसावाल्यांच्या बाबतीत. एच-4 वाल्याला वर्षभराचं वास्तव्य दाखवून रहिवासी दर मिळू शकतो. पण ते आपोआप होत नाही. व्हिसाची कागदपत्रं, भाड्याचा करार, टॅक्सचे कागद घेऊन अॅडमिशन ऑफिसात जा आणि रहिवासी म्हणून नोंद झाल्याचं लेखी घ्या.

‘खरंखुरं कॉलेज आहे का’ या शंकेमागे कदाचित कुणीतरी जुनी गोष्ट कानावर घातली असेल, म्हणून तीही सांगते. 2012 मध्ये मान्यता देणाऱ्या आयोगानं या कॉलेजला नोटीस दिली आणि 2013 मध्ये मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. मुख्य तक्रारी होत्या पैशाच्या आणि कारभाराच्या. वर्गात शिकवणं वाईट आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. शहराच्या वकिलानं आयोगालाच कोर्टात खेचलं, आणि शेवटी 2017 च्या जानेवारीत मान्यता सात वर्षांसाठी कायम झाली. एक दिवसही मान्यता गेली नव्हती, पण तेवढ्या काळात विद्यार्थी हजारोंनी घटले. पैशाची ओढाताण मात्र संपली नाही. 2022 मध्ये पूर्णवेळ प्राध्यापकांची कपात झाली. याचा तुम्हाला बसणारा चटका वेगळा आहे: मुलाला हवा तो विषय त्या सेमिस्टरला नसेलच, किंवा असला तर जागा भरलेल्या असतील. दोन वर्षांची तीन होतात ती अशी.

म्हणून नुकसानीचा प्रश्न मी जरा वेगळा मांडेन. नाव हलकं आहे म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. होतं ते इथं कुणी मागे लागत नाही म्हणून. दार सगळ्यांना उघडं आहे, त्यामुळे शेजारच्या बाकावर चाळिशीची नर्सिंगची विद्यार्थिनी असते, हॉटेलची पाळी संपवून आलेला आचारी असतो, आणि तुमचा अठरा वर्षांचा मुलगा. मला हे फार आवडतं. पण यातले बरेच जण एकेक विषय घेत सावकाश चाललेले असतात, आणि तो वेग पोरांना लागतो. चार मित्र दोनच विषय घेतायत म्हटल्यावर आपणही दोनच, आणि मग उरलेल्या वेळात झोप.

ट्रान्स्फरची गणितं पहिल्या सेमिस्टरच्या आधी करायची असतात. यूसीच्या सहा कॅम्पसकडून ‘टॅग’ नावाची प्रवेशाची लेखी हमी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत; तिथं अर्ज करता येतो, हमी नाही. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो, तोही ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या सप्टेंबरात. आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विषयांना काही कॅम्पस ही हमी लावतच नाहीत. मुलानं हे बघितलंय का? नसेल तर आज रात्री बघू दे. ‘असिस्ट’ नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिथं सिटी कॉलेजचा कुठला विषय कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात धरला जातो ते ओळीनं दिलेलं असतं. त्याचा प्रिंट काढून भिंतीवर लावा. कॅल्क्युलसची साखळी पहिल्या सेमिस्टरला सुरू झाली नाही तर पुढचं सगळं ढकललं जातं.

अजून एक सोपी परीक्षा आहे. हायस्कूलमध्ये असतानाच सिटी कॉलेजचा एखादा विषय घेता येतो, हायस्कूलच्या मुलांना त्याची ट्यूशन पडत नाही. शाळेच्या काउन्सेलरची सही घेऊन या स्प्रिंग सेमिस्टरलाच त्याला एक विषय घेऊ दे. बाल्बोआ पार्क स्टेशनला उतरून पायी ओशन कॅम्पसला जायचं, वेळेवर बसायचं, कुणी न सांगता अभ्यास करायचा. हे चार महिने जमलं तर पुढचंही जमेल.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात कळीचं. एच-4 मुलाला एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच मिळतो. तुमच्या मुलाचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर तो वीस पूर्ण होताना यूसीला जाईल आणि शेवटचं वर्ष सुरू होताना एकवीसचा होईल. त्याआधी एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करावा लागेल, आणि एफ-1 वर फीची वर्गवारी बदलू शकते. सिटी कॉलेजात एक वर्ष जास्त गेलं तर हा वाढदिवस ऐन ट्रान्स्फरच्या तोंडावर येतो. ग्रीन कार्डच्या रांगेत तुमचं प्रकरण कुठं आहे यावरही बरंच ठरतं. इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी आत्ताच भरा. हेही लक्षात असू द्या की एच-4 वर त्याला नोकरी किंवा पगारी इंटर्नशिप करता येत नाही. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे काही काळ नोकरी करायची परवानगी, हवी तर एफ-1 लागतोच.

आणि ताई, पत्रातलं ‘इथं घरीच असते’ हे मी दोनदा वाचलं. मिस्टरांचा एच-1बी सात वर्षं चालला आहे, म्हणजे बहुधा सहा वर्षांची मर्यादा ओलांडून तो वाढवून मिळाला आहे. आजच्या नियमांप्रमाणे तशा वेळी पत्नीला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलासाठी वकिलाकडे जाल तेव्हा स्वतःबद्दलही विचारा. परवान्याला वेळ लागला तरी शिकायला परवाना लागत नाही. सिटी कॉलेजच्या इंग्रजीच्या आणि ऑफिसकामाच्या बिनक्रेडिट, म्हणजे पदवीत न धरल्या जाणाऱ्या, वर्गांना फी नाही, क्रेडिट घेऊन अकाउंटिंगही करता येतं. पतसंस्थेत खतावणी मांडलेल्या बाईला डेबिट-क्रेडिट नव्यानं शिकायला नको, इथले टॅक्सचे नियम आणि क्विकबुक्स हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तेवढं शिकायचंय.

ऑगस्टमध्ये मुलाचा फॉर्म भरताना एक जास्तीचा भरा.