गाडी हीट झाली, बॉनेटमधून वाफ येतेय, लगेच झाकण काढून पाणी ओतू का?

नाही, अजिबात नका ओतू. बाकीचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल, पण गरम गाडीच्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

कारण सांगतो. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, प्रेशरखाली असतं, म्हणून ते 100 डिग्रीच्या वर जाऊनसुद्धा उकळत नाही. तुम्ही झाकण सैल केलं की प्रेशर गेलं आणि त्याच क्षणाला सगळं उकळून कारंज्यासारखं वर येतं. माझं असंच झालेलं, दहा मिनिटं थांबलो होतो, वाटलं आता निवली असेल, फडकं धरून झाकण जरासं फिरवलं, सुऽऽ असा आवाज आला आणि पुढच्या सेकंदाला झाकण उडालं. फडक्यामुळे तळहात वाचला, तोंड बाजूला होतं म्हणून डोळे वाचले, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलून निघाला, डाग अजून आहे. म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

आता करायचं काय? टेंपरेचरचा काटा नुसता वर चढत असेल, वाफ नसेल आणि थांबायला जागा नसेल तर एसी बंद करा आणि हीटर फुल गरम करून ब्लोअर फुल सोडा. घामाघूम व्हाल पण हीटरमध्येही इंजिनचंच गरम कूलंट फिरतं, त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता आत केबिनमध्ये येते. तेवढ्यात जागा बघून बाजूला घ्या. वाफ दिसली किंवा लाल लाइट लागला तर मात्र पुढच्या पंपापर्यंत जाऊ वगैरे विचारच नको, जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबून इंजिन बंद, पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) चालू, माणसं रस्त्यापासून लांब. वाफ येत असेपर्यंत बॉनेट पण उघडू नका, आणि उघडल्यावर पंख्याजवळ हात नको, बऱ्याच गाड्यांमध्ये तो इंजिन बंद असतानाही आपोआप फिरायला लागतो.

मग किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबा. रेडिएटरचा वरचा रबरी होज (पाइप) हाताला गार लागला की मगच जाड फडकं टाकून, तोंड लांब ठेवून झाकण हळूहळू सैल करा आणि कूलंटच्या टाकीवरच्या मिन-मॅक्सच्या खुणांमध्ये येईल इतकं कूलंट भरा. कूलंट नसेल तर साधं पाणी चालतं, गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी कधीच नाही, हेडला (इंजिनचा वरचा भाग) किंवा ब्लॉकला (मुख्य धड) तडा जाऊ शकतो.

अजून एक, काटा लाल रेघेवरून अचानक खाली आला तर खूश होऊ नका. कूलंट सगळं निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटंच थंड दाखवतो, त्या भरवशावर गाडी पळवली की हेड वाकतं, गॅस्केट (हेडखालचं सील) जातं, इंजिन सीझसुद्धा होतं, म्हणजे जाम होतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर स्टार्टच करू नका, सरळ टो करा. ऑइल ठीक असलं तरी थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होज आणि पंख्याचा फ्यूज मेकॅनिककडून बघून घ्याच, कारण कूलंट सहसा आपोआप कमी होत नसतं, बहुतेक वेळा कुठेतरी लीक असतं. आणि खाली सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुवून टाका, ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते जीवघेणं विष आहे.