मोजक्या माणसांत लग्न करायचे असेल तर तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. ४० माणसांच्या आत लग्न करायचे तर आधी काय ठरवावे, हा पहिला. आणि ज्यांना बोलावता येणार नाही त्यांना सांगायचे काय, हा दुसरा. दुसरा तुम्ही शेवटी आणि जरा ओशाळून विचारला आहे, पण माझ्या अनुभवाने तयारी त्याच्यापासूनच सुरू होते. आमचे लग्न ३४ पाहुण्यांत झाले. पुढे धाकट्या बहिणीचे आणि एका मैत्रिणीचे अशी आणखी दोन छोटेखानी लग्ने मी जवळून, म्हणजे धावपळ अंगावर घेण्याइतक्या जवळून पाहिली. जागा, कपडे, फुले यांवर जेवढी डोकेफोड झाली, त्याच्या दुप्पट तिन्ही घरांत यादीवर झाली.

यादी करायला बसाल तेव्हा नावे लिहू नका, आधी नियम लिहा. नावांपासून सुरुवात केली की प्रत्येक नाव आपल्यामागून दुसरे ओढून आणते आणि तासाभरात ४० चे ९० होतात. नियम मात्र दोघांनी शांतपणे ठरवता येतो आणि दोन्ही घरांना सारखाच लावता येतो. आमचा नियम दोन ओळींचा होता: आईवडील, आजीआजोबा, सख्खी भावंडे आणि त्यांची कुटुंबे, आणि ज्यांना आम्हा दोघांपैकी कोणीतरी गेल्या वर्षभरात काही काम नसताना फोन केला आहे अशी माणसे. या दुसऱ्या ओळीने बरीच नावे आपोआप गळली आणि काही अनपेक्षित नावे आत आली. नात्याचा एक थर घेतला तर तो पूर्ण घ्यावा, नाहीतर पूर्ण सोडावा, हे मात्र कटाक्षाने पाळा. दोन मामांपैकी एकाच मामांना बोलावले की ती निवड राहत नाही, निवाडा होतो, आणि तो पुढची वीस वर्षे प्रत्येक कार्यात निघतो. नियमात न बसणारे एखादे माणूस प्रत्येकाच्या आयुष्यात असतेच, म्हणून आम्ही प्रत्येकी एक अपवाद ठेवला होता. माझा अपवाद शाळेतल्या बाईंसाठी वापरला. नवऱ्याने त्याचा शेवटपर्यंत वापरला नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात असे मांडले की माणसाला साधारण १५० जणांशी खरे नाते टिकवता येते, आणि त्याच्या आत अंदाजे ५, १५ आणि ५० जणांची अधिकाधिक जवळची वर्तुळे असतात. या आकड्यांवर वाद आहेत आणि लग्नाची यादी काही शास्त्रावर होत नाही. पण अडचण नेमकी कुठे येते, हे त्यावरून बरोबर कळते. पहिली १५ नावे लिहायला आम्हाला दहा मिनिटेही लागली नाहीत. उरलेल्या १९ नावांना तीन आठवडे लागले.

यादी पक्की होईपर्यंत जागा ठरवू नका. मोठ्या लग्नात आधी जागा घेतात आणि मग ती भरतात. छोट्या लग्नात हाच क्रम घात करतो, कारण १०० जणांची जागा हाताशी असली की घरातले प्रत्येक जण त्या रिकाम्या जागांकडे पाहून नवी नावे सुचवू लागते. दुसरे म्हणजे, मोठ्या जागेत थोडी माणसे विखुरलेली दिसतात आणि कार्याला उगाच उदासवाणी कळा येते. आमच्या जागेच्या व्यवस्थापकांनी सवयीने ६० खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. सकाळी आत पाऊल टाकले तेव्हा अजून कोणीच आलेले नव्हते, तरी निम्मे लोक आलेच नाहीत असे वाटून पोटात गोळा आला. भावाने काही न बोलता २४ खुर्च्या उचलून मागच्या खोलीत नेल्या आणि उरलेल्या सरळ रांगांऐवजी अर्धवर्तुळात दोन ओळींत लावल्या. तीच खोली पाच मिनिटांत भरल्यासारखी दिसू लागली. जेवणाच्या मेजांचेही असेच आहे: पाच फूट व्यासाच्या गोल मेजाभोवती आठ आणि सहा फुटी मेजाभोवती दहा माणसे आरामात बसतात, म्हणजे ३५-४० जणांना चार-पाच मेजे पुरतात. पण लहान मेळाव्यात एकच लांब मेज किंवा दोन समांतर मेजे लावता आली तर अधिक बरे, कारण मग 'आपले' आणि 'त्यांचे' असे तट पडत नाहीत.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ओघात सांगते. माणसे निम्मी झाली म्हणून खर्च निम्मा होत नाही. जेवण, बैठक आणि निमंत्रणे माणशी कमी होतात. जागेचे भाडे, छायाचित्रकार, कपडे, ध्वनिव्यवस्था यांना ४० काय आणि २०० काय, फारसा फरक पडत नाही. तेव्हा केवळ बचतीसाठी लग्न छोटे करत असाल तर आधी हे दोन रकाने वेगळे मांडून बघा, म्हणजे नंतर अपेक्षाभंग होणार नाही. माणशी खर्चातून वाचलेले पैसे कुठे घालायचे याबद्दल माझे मत ठाम आहे: जेवणात आणि वेळेत. ४० माणसे असली की कोणाला काय चालत नाही, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे प्रत्येकाला नावानिशी विचारता येते. ती सोय असूनही न विचारणे हा मला आळस वाटतो.

वेळेचा हिशेब तर कागदावर मांडूनच बघण्यासारखा आहे. प्रत्येक पाहुण्याशी तुम्ही चार मिनिटे निवांत बोललात तर ३४ जणांना १३६ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तासांहून थोडी अधिक लागतात. ४०० पाहुण्यांना हाच हिशेब लावला तर सव्वीस तासांहून अधिक होतात; म्हणून मोठ्या लग्नात रांग लागते आणि हसून हसून गाल दुखतात. छोट्या लग्नात काही मिळवायचे असेल तर ते हे सव्वादोन तास आहेत, आणि ते कार्यक्रमात मुद्दाम राखून ठेवावे लागतात, आपसूक मिळत नाहीत. मैत्रिणीच्या लग्नात हीच चूक झाली. पाहुणे जेमतेम ३०, पण मध्ये खेळ, नाच, भाषणे आणि दोन वेळा कपडे बदलणे असे सगळे मोठ्या लग्नातून उचलून आणलेले. निरोप घेताना तिच्या आजी म्हणाल्या, "तू दिसलीस छान, भेटली मात्र नाहीस."

मुख्य विधी कोणत्याही पद्धतीचा असो, तो छोटा असला तरी सर्वांना ऐकू यायला हवा. एकमेकांना उद्देशून चार शब्द बोलणार असाल तर ते लिहून काढा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. दोनशे शब्द सावकाश वाचायला साधारण दोन मिनिटे लागतात आणि गळा दाटून आला तर तीन. उघड्यावर ३० माणसांतही आवाज वाऱ्यावर जातो, तेव्हा एक साधा माइक ठेवाच. ज्यांना कमी ऐकू येते त्यांची खुर्ची कुठे असेल, हे आदल्या दिवशी ठरवा. उघड्यावरच्या कार्यासाठी पावसाची पर्यायी सोय केवळ मनात असून भागत नाही. 'अमुक वाजता आभाळ पाहून निर्णय घ्यायचा आणि तो अमुक व्यक्ती घेईल', असे ठरलेले असावे. छायाचित्रांसाठी भरदुपार टाळता आली तर टाळा, कारण डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सूर्यास्ताआधीच्या तासाभराचा उजेड सौम्य असतो.

कायद्याचे काम सोहळ्याच्या यादीत मिसळू नका, त्याला वेगळा कागद करा आणि तो सर्वांत आधी हाती घ्या. सोहळा आणि नोंदणी या अनेक ठिकाणी दोन स्वतंत्र गोष्टी असतात आणि प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो. भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर आधी ३० दिवसांची नोटीस आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नवी नोटीस द्यावी लागते. इंग्लंडमध्ये नोंदणी पद्धतीच्या लग्नाला किमान २९ दिवस आधी नोटीस आणि दोन साक्षीदार हवेत. तुम्ही कुठे आहात ते तुम्ही लिहिलेले नाही, तेव्हा तिथल्या कचेरीत जाऊन मुदत, कागदपत्रे आणि साक्षीदारांची संख्या विचारून घ्या, आणि मगच तारीख इतरांना सांगा. आणि हो, स्वतःचे चालू स्थितीतले पेन घेऊन जा. आमच्या सह्यांच्या वेळी टेबलावरचे पेन उमटेना, तेव्हा चार माणसे खिसे चाचपत उभी आहेत असे एक छायाचित्र आमच्याकडे आहे, आणि आमच्या सगळ्या छायाचित्रांत तेच सर्वांना अधिक आवडते.

छोट्या लग्नाला व्यवस्थापक कशाला, असे वाटते. पण घड्याळ सांभाळणारे एक माणूस हवेच, आणि ते नवरा-नवरी किंवा त्यांचे आईवडील यांपैकी नको. शांत स्वभावाचा, दोन्ही घरांना परका नसलेला मित्र किंवा चुलत भावंड शोधा. सर्वांचे फोन नंबर, दिवसाचे वेळापत्रक आणि उरलेली देणी भागवण्याचे पैसे असे सगळे त्यांच्या हाती द्या आणि त्या दिवशी तुमचा फोनही त्यांच्याकडेच राहू द्या.

आता ज्यांना बोलावता येणार नाही त्यांच्याबद्दल. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे हा प्रश्नच नव्हता. भारतात पाहुण्यांची मर्यादा ५० वर आली होती, इंग्लंडमध्ये आधी ३० आणि नंतर १५ वर. कायद्याकडे बोट दाखवले की कोणी रुसत नसे. आता ती ढाल नाही. मर्यादा तुमची आहे आणि ती तुमचीच म्हणून सांगावी लागते. जागा लहान आहे, घाईत ठरले, असल्या सबबी देऊ नका, कारण माणसे त्यावर मनापासून उपाय सुचवतात: मोठी जागा मिळवून देतात, तारीख पुढे ढकलायला सांगतात, आणि मग तुमची पंचाईत होते. मी आत्याला फोनवर एवढेच म्हणाले, "आत्या, आम्ही फक्त आईवडील आणि भावंडांत लग्न करतोय, काका-आत्या कोणालाच बोलावलेले नाही. तुला ही बातमी दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी फोन केला." तिला वाईट वाटले, ते तिने लपवले नाही, आणि मीही समजूत घालत बसले नाही. महिन्याभराने आम्ही दोघे तिच्या घरी जेवायला गेलो. असे फोन लग्नाच्या आधी, स्वतः आणि एकेकाला करावे लागतात. सगळ्यांना मिळून पाठवलेल्या संदेशाने ते काम होत नाही. ज्यांना बोलावले नाही त्यांच्याकडून आहेर घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

पाहुण्यांना मात्र निमंत्रणातच विनंती करा की तुम्ही सांगेपर्यंत छायाचित्रे कुठेही टाकू नयेत. हे आम्हाला सुचले नव्हते. लग्नाआधी सगळे फोन झाले नाहीत, म्हणून ११ नावे मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवली होती. त्याच संध्याकाळी कोणीतरी टाकलेले छायाचित्र फिरत गेले आणि त्या ११ जणांतल्या एका काकांचाच आम्हाला फोन आला. त्यांनी अभिनंदन केले, दोघांची चौकशी केली आणि फोन ठेवला. ती यादी अजून माझ्या वहीत आहे. बाकीच्या दहा नावांपुढे खूण केलेली आहे, त्यांच्या नावापुढे करावी की नाही हे मला ठरवता आलेले नाही.